फोडातलं पाणी, सारिकाचं रक्त

अंगाच्या एकाच बाजूला आग सुटली आणि मागून फोडांची ओळ उठली, तर आधी घरात कुणी पोटुशी आहे का ते बघा. असली तर तिला तुमच्यापासून लांब बसवा. मग दवाखाना गाठा. बाकी सगळं मी खाली सांगतेच, पण कुणी एवढंच वाचून कागद मिटवला तरी माझं लिहिणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही असं म्हणायची माझी सोय नाही. मला कुणाला विचारायचंच सुचलं नाही.

मी उमरग्याजवळच्या एका खेड्यात राहते. वय सदुसष्ट. शाळेचं तोंड बघितलं नाही, पोराच्या पुस्तकातून अक्षरं लावत लावत शिकले, तेव्हा लिहिण्यातलं चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही तिघंच. मुलगा बालाजी ट्रक चालवतो, सोलापूर ते हैदराबाद. सून सारिका, माकणीची. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

सारिकाला तेव्हा चौथा महिना चालू होता. त्याआधी एकदा दिवस राहून तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, आणि त्यानंतर चार वर्षं काही नाही. त्यामुळं यावेळी घरात कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नव्हतं. बालाजी एरवी दारातून हाक मारत येणारा माणूस, तो चप्पल हातात घेऊन घरात शिरायचा. मी हसायचे. म्हणायचे, अरे, पोट तिचं आहे, तू का चोरासारखा चालतोस?

गेरू

आधी दोन दिवस डावी कूस नुसती ठणकत होती. मला वाटलं वात धरला. ओवा खाल्ला, शेक घेतला. शुक्रवारी सकाळी अंघोळीला बसले आणि तांब्यातलं पाणी पाठीवर पडलं, तर ते पाणी आहे का उकळतं तेल आहे तेच कळेना. हात मागं नेऊन चाचपलं, तर बोटाला बारीक बारीक फोड लागले, ज्वारीच्या दाण्याएवढे, एकाला एक चिकटून.

आमच्या थोरल्या जाऊबाई भिंतीपलीकडं राहतात. मी त्यांना अक्का म्हणते. त्या आल्या, पाठ बघितली आणि खाली बसल्या.

“नागीण हाय ही,” म्हणाल्या. “तोंड पाठीला हाय, शेपूट पुढं चाललंय. दोन्ही भेटली की माणूस ऱ्हात न्हाय.”

“मग काय करायचं, अक्का?”

“गेरू लाव. चुन्याचं बोट घालून ताकात कालव. आन तू न्हाय लावायचा, सारिकाला लावू दे.”

“तिला का?”

“अगं, पोटुशी बाईची सावली पडली की नाग आंधळा व्हतो, तुला म्हाईत न्हाय का? ही बी तीच जात. सारिकाचा हात फिरला की हिला शेपूट दिसायचं न्हाय. जाग्यावर बसंल.”

माहीत होतं मला. लहानपणी आमच्या आईकडं शेतात साप निघाला की पोटुशी बाईला बांधावर उभी करायचे. मी डोळ्यांनी बघितलेलं. साप आंधळा झाला का नाही ते कुणी जवळ जाऊन बघितलं नव्हतं, पण तो निघून जायचा एवढं खरं. तेव्हा अक्कांचं बोलणं मला खुळ्यासारखं वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, औषध घरातच आहे.

सारिका गेरूची वाटी घेऊन आली. माझ्या मागं बसली. म्हणाली, “आत्या, मला काय व्हणार न्हाय ना?”

मी म्हणाले, “तुला काय होतंय? तू तर तिला आंधळी करणार.”

हे वाक्य मी बोलले. ते मला आता रोज ऐकू येतं. टीव्ही लावला तरी ऐकू येतं.

आणि अजून एक खरं सांगते, कारण लपवून ठेवण्यानं काय होतं ते मी भोगलंय. तिची बोटं गार होती. त्या आगीवर तिची बोटं फिरली की मला घडीभर बरं वाटायचं. म्हणून एकदा लावायचा तो गेरू मी सकाळ-संध्याकाळ लावून घेतला. शुक्रवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत. जुना वाळलेला पोपडा ती नखानं हळूच काढायची, खालचे फोड फुटायचे, त्यावर नवा थर. तिला मी बजावलं होतं, बालाजीला बोलू नको, तो दवाखान्याचं भूत मागं लावतो. बालाजी तेव्हा फेरीवर होता, तो मंगळवारी घरी आला. तो घरात नसला की सारिका लावायची.

नखातला लाल रंग

गुरुवारी सकाळी मला उठताच येईना. पदर लागला तरी जीव जात होता. मी भिंतीला धरून उभी होते आणि पाठीवरचं पातळ सरकलेलं. बालाजीनं बघितलं.

“आई, हे काय रंगवून घेतलंयस? पोळ्याचा बैल हायस का?”

मला हसू आलं आणि हसल्यानं कळ आली, तशी मी खालीच बसले. त्यानं पुढं काही विचारलं नाही. रिक्षा बोलावली. सारिकाचं तपासणीचं कार्ड त्याच दवाखान्यात होतं, म्हणून तिलाही घेतलं. रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, मला धरून. तेव्हाही.

उमरग्याच्या त्या डॉक्टरीण बाई वयानं लहान, पण बोलायला घाई करत नाहीत. त्यांनी माझी पाठ उघडी केली आणि म्हणाल्या, “आजी, नागीण असेल तर ती बघूनच कळते. तपासणी लागत नाही. पण तुम्ही बघायला काही ठेवलंच नाही. चुन्यानं कातडी भाजलीय, वर हे थर. हे नागिणीचे फोड आहेत, का चुन्याचे, का दुसरं काही, मी नुसतं बघून कसं सांगू?”

मला वाटलं आता मलम देतील. पण त्यांची नजर माझ्यावरून निघून गेली. सारिका बाकावर बसली होती, हात मांडीवर. तिच्या नखात लाल रंग होता.

“तुझ्या नखात काय आहे गं?”

सारिकानं माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवला. “तू लावतेस हे? कधीपासून?”

बालाजी दारात उभा होता. पोराच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, “परवापासून.”

परवा म्हणजे मंगळवार. आठवडाभर सुनेकडून चोरून करून घेतलं हे त्याला कळू नये, एवढाच विचार. दोन दिवस म्हटलं की चूक लहान दिसते. सारिकानं मान खाली घातली. चारचौघांत सासूला खोटं पाडायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं? मीच शिकवलं. लग्न होऊन आली त्या वर्षी, चुलीपाशी बसवून.

मग डॉक्टरीण बाईंनी समजावलं. लहानपणी ज्या कांजिण्या येतात, ज्याला आपण आई आली म्हणतो, त्यांचा आणि नागिणीचा विषाणू एकच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो जात नाही, पाठीच्या कण्यापाशी नसांत झोपून राहतो. म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की उठतो. म्हणजे माझी लहानपणची दुखणी साठ वर्षं माझ्या पाठीत बसून होती. ज्याला कांजिण्या येऊन गेल्या त्याला माझ्या फोडांचं भ्या नाही. पण ज्याला आल्याच नाहीत, त्याला त्या फोडांतल्या पाण्यानं कांजिण्या होऊ शकतात.

“आणि पोटुशीला झाल्या तर?” बालाजीनं विचारलं.

त्या म्हणाल्या, “प्रत्येक वेळी वाईट होतं असं नाही. पण आईलाही जड जातात, आणि या दिवसांत बाळाच्या डोळ्यांना, हातापायांना धोका असतो. म्हणून आपण थांबायचं नाही. हिला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?”

सारिका म्हणाली, “मला आठवत न्हाय.”

बालाजीनं तिथूनच माकणीला फोन लावला, विहीणबाईंना. फोन मोठ्यानं लावला होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

“आली व्हती की,” विहीणबाई म्हणाल्या. “पाचव्या वर्षी आई आली व्हती. लिंबाच्या पाल्यावर झोपवली व्हती, मला चांगलं याद हाय.”

माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. मी देवाचं नाव घेतलं. पण डॉक्टरीण बाईंनी हात पुढं करून फोन मागितला.

“ताई, फोड हिच्याच अंगावर होते? नक्की?”

तिकडं विहीणबाईंचा आवाज बारीक झाला. “बारकीच्या अंगावर लई व्हते. हिच्या... आमी दोघींना बी एकाच पाल्यावर झोपवलं व्हतं, बाई. घरात आई आली की समद्याच लेकरांना पाल्यावर घालतेत. कुणाला किती आली ते कोण मोजतंय? तिचं नाव बी घेत नसतेत.”

त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच केलं असतं. आमच्याकडं घरात आई आली की सगळं घर सोवळ्यात, फोडणी बंद, पाहुणा बंद. कोण आजारी आणि कोण नुसतं शेजारी झोपलेलं, हे पंचवीस वर्षांनी कुणी सांगावं?

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, “आता तिच्या रक्तालाच विचारू.”

मल्लप्पाची खोली

दवाखान्याच्या मागं रक्त तपासायची खोली आहे. तिथला मल्लप्पा पन्नाशीचा, कपाळाला विभूती, आळंदच्या बाजूचा माणूस. मराठी बोलता बोलता कानडीत घसरतो. आधी त्यानं सारिकाचा दंड बांधला. तिला सुईचं भ्या वाटतं, ती माझा हात धरायला वळली आणि मध्येच थांबली. हात तसाच हवेत राहिला. मग तो तिनं स्वतःच्या मांडीवर ठेवला.

मी मल्लप्पाला विचारलं, “रक्तात काय दिसतं हो?”

“अज्जी, एकदा ती येऊन गेली की रक्त तिला वळखतंय. मरेपर्यंत इसरत न्हाय. यात ती वळख हाय का न्हाय, तेवढं बघतेत. इथं न्हाय, पुण्याला. आपलं काम नीट भरून पाठवायचं.”

नंतर माझी पाळी. माझ्या फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन तेही पुण्याला पाठवायचं होतं. ते नागिणीचं निघालं नाही तर सारिकाला कसलीच भीती नाही, म्हणून ते आधी कळायला पाहिजे. मल्लप्पानं माझी पाठ बघितली, मिठाच्या पाण्यानं पुसून बघितली, चष्मा वर केला.

“यात काय घिऊ? सगळी खपली आन चुना. हे पाठवलं तर तिकडनं कोरंच येतंय. ताजा फोड पायजे, पाण्यानं भरलेला, हात न लागलेला. हाय का कुठं?”

“न्हाई,” मी म्हणाले.

होता. तीन होते, त्याच सकाळी उठलेले. पण ते पुढं होते, छातीच्या खाली, जिथं मालक गेल्यापासून माझ्याशिवाय कुणाची नजर गेली नव्हती. परक्या पुरुषापुढं कशी उघडू? मी पदर ओढून बसले. मल्लप्पा उगाच टेबलावरच्या नळ्या सरळ करत राहिला. पडद्यापलीकडं सारिका खोकली. रक्त दिलेल्या जागी कापूस दाबून बसली असणार.

लाज फार मोठी वस्तू वाटते. पण त्या दिवशी ती माझ्या हातातून गळून पडली आणि आवाजसुद्धा झाला नाही. मी म्हणाले, “पुढं हाय, मल्लप्पा.”

त्यानं आधी खिडकी लावली. मग एक धुतलेला पंचा माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभा राहिला. “जेवढं लागतंय तेवढंच उघडा. बाकी झाका. झालं की सांगा.” मी सांगितल्यावर वळला. त्यानं त्या फोडाशिवाय कशाकडं बघितलं नाही. सुईच्या टोकानं फोड उघडला, काडी फिरवली. मी कण्हले तसं म्हणाला, “हेदरब्याड्री, अज्जी. घाबरू नका. लेकच हाय म्हणा.”

काडी नळीत गेली, नळीवर माझं नाव, बर्फाचा डबा बंद. संध्याकाळच्या गाडीनं तो डबा पुण्याला गेला. आम्ही गोळ्या घेऊन घरी आलो. दिवसातून पाच गोळ्या, आणि मी बाहेरच्या खोलीत, सारिका आत.

शनिवार

शुक्रवार कसा गेला ते मी लिहू शकत नाही. दुखणं एकीकडं, कुणी तापलेला विळा कुशीतून ओढतंय असं. पण ते दुखणं मला हवंसं वाटत होतं. वाटायचं, अजून दुखू दे, सगळं माझ्याच अंगाला लागू दे. देवाशी असा सौदा मी दिवसभर करत होते. देव काही बोलत नव्हता.

शनिवारी दुपारी बोलावलं. पुण्याहून दोन्ही रिपोर्ट आले होते. माझ्या फोडातलं पाणी नागिणीचंच निघालं. आणि सारिकाच्या रक्ताबद्दल डॉक्टरीण बाईंनी कागद आमच्याकडं वळवून दाखवला.

“हे मधलं आलंय. हो पण नाही आणि नाही पण नाही. थोडी ओळख दिसते, पण ती खरी का खोटी ते या तपासणीला ठरवता येत नाही. असं कधीकधी येतं. आता पुन्हा रक्त घेते, ते दुसऱ्या पद्धतीनं तपासायला पाठवते. बुधवारपर्यंत कळेल.”

“बुधवारपर्यंत नुसतं बसायचं?” बालाजी म्हणाला.

“एक इंजेक्शन असतं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली तयार ताकद. संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. पण ते सहज मिळत नाही, शोधावं लागतं, आणि गरज नसताना कुणाच्याही अंगात घालू नये. संपर्क मंगळवारचा. आज चौथा दिवस. बुधवारी आठवा होईल. तेव्हा रिपोर्ट बघून देता येईल. आपल्याकडं वेळ आहे.”

आपल्याकडं वेळ आहे, असं त्या म्हणाल्या आणि सारिकानं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती वाट बघत होती, मी काय करते ते.

मी मनात मोजलं. शुक्रवार ते आज, आठ. बुधवारी बारा.

बालाजी उभा राहून मोबाइलमध्ये काही बघत होता. पोराच्या नजरेतून उतरायचं म्हणजे काय, हे ज्यांना एकच पोर आहे त्यांना कळेल. पण मला त्या रिपोर्टच्या कागदावर सारिकाचं नाव दिसत होतं, इंग्रजीत, मला त्यातलं पहिलंच अक्षर वाचता येतं.

“बाई,” मी म्हणाले, “परवा नव्हतं. मी खोटं बोलले. आदल्या शुक्रवारपासून लावत होती. रोज दोनदा.”

डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बोटं मोजली, “शनी, रवी, सोम...” आणि आठव्या बोटावर थांबल्या. मग लगेच फोन उचलला. सोलापूरला दोन ठिकाणी विचारलं, नाही म्हणाले. हैदराबादला एका ठिकाणी होतं.

बालाजी सारिकाला म्हणाला, “तुला म्हाईत व्हतं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

मी म्हणाले, “मी सांगितलं होतं तिला.” तो माझ्याकडं वळलाही नाही. चिठ्ठी घेतली, मल्लप्पानं दिलेला बर्फाचा डबा घेतला आणि रस्त्याला लागला. आम्ही घरी जाण्याआधी मल्लप्पानं सारिकाचं रक्त पुन्हा काढून घेतलं. ते इंजेक्शनच्या आधीच काढायचं असतं. नंतर काढलं तर रक्तातली ओळख तिची स्वतःची का इंजेक्शनातली, ते कुणालाच सांगता येत नाही.

रविवारी दुपारी बालाजी आला. नवव्या दिवशी सारिकाला इंजेक्शन मिळालं. मी दवाखान्याच्या ओट्यावर लांब बसले होते. आत मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही.

बाहेरची खोली

बुधवारी रिपोर्ट आला. सारिकाच्या रक्तात ओळख नव्हती. तिला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या, नुसतीच बहिणीशेजारी पाल्यावर झोपली होती. म्हणजे मी शनिवारी तोंड उघडलं नसतं, तर हा कागद बाराव्या दिवशी हातात आला असता आणि द्यायला काही राहिलं नसतं. हे मी स्वतःची पाठ थोपटायला लिहीत नाही. गुरुवारीच खरं बोलले असते तर इंजेक्शन दोन दिवस आधी मिळालं असतं.

इंजेक्शन दिलं म्हणजे झालं असं नसतं. शेवटचा हात लागला त्या दिवसापासून अठ्ठावीस दिवस सारिकावर नजर ठेवायची. एक जरी फोड आला, ताप आला, तर लगेच फोन करायचा.

ते दिवस मी बाहेरच्या खोलीत काढले. ब्लाउज अंगाला सोसवेना, म्हणून मालकांचं जुनं धोतर फाडून गुंडाळून बसायचे. सारिका उंबऱ्यावर ताट ठेवायची आणि चार पावलं मागं सरून उभी राहायची. ताटात ताक असायचंच, मला तेवढंच गोड लागत होतं. मी तिला विचारायचे, “अंग बघितलंस का?” ती बाह्या वर करून लांबूनच दाखवायची. एकदा तिच्या मानेवर लाल ठिपका दिसला. डास चावला होता. ते कळेपर्यंत मी तीन देवांना बोलून बसले होते, त्यातले दोन नवस अजून फेडायचेत.

अक्का भिंतीपलीकडून बोलायच्या.

“जेवलीस का?”

“जेवले.”

“म्या सांगितलं आन तू ऐकलंस. एरवी कधी ऐकतीस का माजं? नेमकं हेच कसं ऐकलंस?” आणि मग तिकडं पदर तोंडाला लावल्याचा आवाज यायचा. त्या रोज येत होत्या, रोज भांडत होत्या, आणि त्यामुळंच मी त्या खोलीत वेडी झाले नाही.

बालाजी बोलत नव्हता. गोळ्या आणायचा, उंबऱ्यावर ठेवायचा. “आईला सांग, संध्याकाळची राहिलीय,” असं सारिकाला सांगायचा, मी तीन हातांवर बसलेली असताना. पंधराव्या दिवशी माझ्या खपल्या गळून गेल्या. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आता तुमच्यापासून कुणाला काही होत नाही, घरात जा. मी गेले नाही. माझं मन धजेना, आणि ज्यानं बोलवायचं त्यानं बोलावलं नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. हे लिहितेय तेव्हा सारिकाला सातवा सरत आलाय. मोठी सोनोग्राफी झाली, हात, पाय, डोकं सगळं जागच्या जागी दिसतंय असं सांगितलं. मी तरी घाबरतेच. बाळ हातात येऊन रडेपर्यंत मी घाबरणार. माझी कूस अजून जळते, पाऊस-पाण्याचं तर जास्तच, आणि ती कदाचित जळतच राहील असं डॉक्टरीण बाई म्हणतात. त्याचं मला काही नाही.

सारिकानं मला एकदाही बोल लावला नाही. मी एकदा म्हणाले, “तू त्या दिवशी खरं सांगायचंस गं. मला खोटं पाडायचंस.” ती म्हणाली, “आत्या, मला बी वाटलं, दोन दिवस म्हटलं तर दोनच व्हतील.” माझ्यासारखंच तिलाही वाटलं होतं. पंचवीस-तीसची पोर आणि मी सदुसष्टची, दोघी एकाच अकलेच्या.

अठ्ठाविसावा दिवस बुधवारी आला. बालाजी दुपारी फेरीवरून आला, हातपाय धुतले आणि माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी गोधडीची घडी घालत होते. मला वाटलं गोळी द्यायला आला असेल.

“आज अठ्ठावीस झाले,” तो म्हणाला.

महिन्याभरात माझ्याशी बोललेलं हे पहिलं. मी घडी तशीच हातात धरून विचारलं, “तू मोजत व्हतास?”

“तू न्हाय मोजले?”

“मोजले.”

“मग ये की आत. भाकरी गार व्हायलीय.”

मी आत गेले. सारिकानं तीन ताटं मांडली होती. मी भिंतीशी, लांबच्या ताटावर बसले. तिनं माझं ताट उचललं आणि आपल्या ताटाला चिकटून ठेवलं. मी सरकले. बालाजी समोर बसला. कुणी घास मोडेना. मी सारिकाच्या मनगटाकडं बघत होते, मग कोपराकडं, मग मानेकडं, कानामागं. डोकं वर केलं तर बालाजीही तेच करत होता, तसाच, मनगटापासून मानेपर्यंत. माझी आणि त्याची नजर भेटली.

सारिकानं दोन्ही हात पुढं केले, एक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. उलटे करून दाखवले, सुलटे करून दाखवले.

“बघून झालं आसंल तर वाढून घ्या,” ती म्हणाली. “मला भूक लागलीय.”